स्वदेशप्रीति आणि चहाचा पेला

ता. ६ मे १९२२ रोजीं छत्रपति शाहू महाराजांनीं मुंबई मुक्कामीं देह ठेवला. त्या गोष्टीला शंभर वर्षें पुरीं झालीं त्या दिवशीं, म्हणजे ता. ६ मे २०२२ रोजीं सकाळीं दहा वाजतां, कोल्हापूर शहर शंभर सेकंद स्तब्ध उभें राहिलें. ज्या राजानें आपल्या राज्यांतील शेवटच्या माणसाला उभें केलें, त्याच्यासाठीं सबंध नगरानें उभें राहावें हें शोभणारेंच होतें. आणि तें मौन पोकळ होतें असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. तथापि त्या शंभर सेकंदांचा विचार करतांना एक प्रश्न मनांतून जात नाहीं. स्तब्ध उभें राहण्यासाठीं माणसाला काय सोडावें लागतें? शंभर सेकंद, याहून अधिक कांहीं नाहीं. त्याच महाराजांनीं आपल्या हयातींत लोकांकडून जें मागितलें होतें तें दिसावयास याहूनही लहान होतें, परंतु तें देतांना भल्याभल्यांचा घसा कोरडा पडला. तें काय होतें हें पुढें सांगतों.

आधीं स्वदेशप्रीति या शब्दाविषयीं. आपल्या गांवोगांवच्या मंडळ्यांतील बंधुभगिनींना हा शब्द पुष्कळदां टोमणा म्हणून ऐकावा लागतो. "तुमचा धर्म साहेबाचा, तेव्हां तुमचा देशही साहेबाचाच," असें चावडीवर कोणी तरी हंसत म्हणतो; आणि आपला माणूस एक तर खालीं मान घालून निघून जातो, नाहीं तर तावातावानें नांवें सांगूं लागतो. पंडिता रमाबाई १८८९ सालीं मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनास प्रतिनिधि म्हणून गेल्या होत्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही या देशाचीं गीतें रचलीं. हें सर्व खरें आहे. परंतु मला ही यादी सांगावयास आवडत नाहीं. घराण्यांत कोणी एकानें विहीर खोदली होती, एवढ्यावर आज दारीं आलेल्या तहानेल्याची तहान भागत नाहीं. पूर्वजांच्या नांवांनीं आपली स्वदेशप्रीति सिद्ध होत नाहीं, आणि ज्यानें टोमणा मारला त्याचीही त्याच्या पूर्वजांच्या नांवांनीं होत नाहीं. दोघांनाही एकच कसोटी लावली पाहिजे. देश म्हणून ज्याला आपण नमस्कार करतों तो कोणाचा बनलेला आहे? डोंगर, नद्या व सरहद्दी यांवर प्रेम करणें सोपें आहे, कारण त्यांना भूक लागत नाहीं आणि त्या आपल्या शेजारीं येऊन बसत नाहींत. माणसें येऊन बसतात. तेथें प्रीतीची परीक्षा सुरू होते.

कोल्हापुरांत गंगाराम कांबळे यांची हकीकत अजून आवडीनें सांगतात. हे गृहस्थ महार समाजांतील असून राजवाड्याच्या नोकरींत होते. मराठे नोकरांसाठीं राखलेल्या हौदाच्या पाण्याला ते शिवले, एवढ्यावरून त्यांना बेदम मार बसला. महाराज तेव्हां गांवांत नव्हते. परत आल्यावर त्यांच्या कानीं हें गेलें, तेव्हां त्यांनीं मारणाऱ्यांना शासन केलें. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहींत. त्यांनीं गंगारामांना नोकरींतून मोकळें केलें आणि स्वतंत्र धंदा करण्यासाठीं भांडवल दिलें. गंगारामांनीं भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचें दुकान घातलें व त्याला 'सत्यसुधारक' असें नांव ठेविलें.

दुकान उघडलें, चूल पेटली, आधण उकळूं लागलें. गिऱ्हाईक मात्र येईना. शहरांत चहा पिणाऱ्यांचा तुटवडा नव्हता, आणि गंगारामांचा चहा इतरांच्या चहाहून कमी गोड असेल असें मानण्यास कांहीं कारण नाहीं. रस्त्यानें जाणारे लोक पाटी वाचीत, आंत पाहत, व पुढें जात. यांतील कोणीं कोणता गुन्हा केला? कोणताही नाहीं. कोणीं गंगारामांना मारलें नाहीं, शिवी दिली नाहीं, दुकान मोडलें नाहीं. फक्त चहा प्याले नाहींत.

आतां महाराज हे हुकूम काढण्यांत मागेंपुढें पाहणारे राजे नव्हते. १९०२ सालीं त्यांनीं आपल्या राज्यांतील रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकीं निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेविल्या. १९०८ सालीं अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीं मिस क्लार्क वसतिगृह निघालें. १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें झालें, १९१८ सालीं महार वतनाचें जोखड काढण्यास हात घातला गेला, आणि १९१९ सालीं शाळा, दवाखाने, कचेऱ्या व पाणवठे यांसारख्या सार्वजनिक ठिकाणीं शिवाशीव पाळण्यास मनाई करणारे हुकूम निघाले. ज्याच्या लेखणींत एवढें बळ होतें त्यालाही, अमक्यानें अमक्याच्या दुकानीं जाऊन चहा प्यावा, असा हुकूम काढतां येत नव्हता. काढतां आला असता तरी त्याचा उपयोग काय? शिपायानें मान धरून पाजलेला चहा हा चहा नव्हे, औषध होय.

म्हणून महाराजांनीं निराळी युक्ति केली. फेरफटक्यास निघालें कीं त्यांनीं आपली गाडी त्या दुकानापुढें उभी करावी, मोठ्यानें गंगारामांना हांक मारावी, चहा मागवावा, भर रस्त्यांत स्वतः प्यावा, आणि बरोबर बसलेल्या बड्या मंडळींच्या हातींही एकेक पेला द्यावा. दरबारीं काम घेऊन येणाऱ्यांनाही ते तेथेंच गांठावयास सांगत, अशीही आठवण आहे. हळूहळू दुकान चालूं लागलें.

या हकीकतींत राजाचें थोरपण सर्वांना दिसतें. मला मात्र त्या गाडींतली बडी मंडळी अधिक विचार करावयास लावतात. त्यांनीं चहा घेतला तो कशासाठीं? गंगारामांविषयीं बंधुभाव उचंबळून आला म्हणून नव्हे. समोर राजा बसला होता म्हणून. मग त्यांच्या त्या कृतीला कांहीं नैतिक किंमत आहे काय? आपल्या उपदेशकांपैकीं पुष्कळजण म्हणतील कीं जें अंतःकरणांतून आलें नाहीं तें व्यर्थ. मला हें मत पुरें पटत नाहीं. भयानें किंवा भिडेनें केलेली गोष्ट सद्गुण ठरत नाहीं हें कबूल; परंतु अंतःकरण हें हवेंत वाढत नाहीं, हात जें करतात त्याच्या मागें मागें तें चालतें. ज्या सरदारानें महाराजांच्या भिडेनें पहिला घोट घेतला, त्याला त्या घोटानंतर एक गोष्ट कळली, जी शंभर व्याख्यानांनीं कळली नसती : कांहीं झालें नाहीं. जीभ झडली नाहीं, कुळ बुडालें नाहीं, चहा चहासारखाच लागला. पिढ्यानपिढ्या ज्या भयाला धर्म म्हटलें तें पेल्याच्या तळाशीं सांपडलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं राजा नसतां तो त्या दुकानीं गेला कीं नाहीं हा मात्र खरा प्रश्न आहे. आणि सदसद्विवेकबुद्धि म्हणून जी म्हणतात तिचा जन्म त्या दुसऱ्या दिवशीं होतो.

माणगांवीं मार्च १९२० मध्यें अस्पृश्यांची परिषद भरली, तेथें महाराज स्वतः गेले व डॉ. आंबेडकरांच्या रूपानें तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला असें त्यांनीं लोकांना सांगितलें. राजानें आपल्याच तोंडानें लोकांना राजावांचून चालण्याची वाट दाखवावी, हें इतिहासांत फारसें घडत नाहीं. दोन वर्षांनीं महाराज गेले. ता. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि भाऊसिंगजी रस्त्यावर थांबणारी ती गाडी कायमची थांबली. जे कालपर्यंत प्रजा होते ते नागरिक झाले. प्रजेचा धर्म राजाचें ऐकणें हा होय. नागरिकाला ऐकावयास कोणी नाहीं. त्याला स्वतःच ठरवावें लागतें. हें स्वातंत्र्य आहे हें खरेंच, परंतु तें ओझेंही आहे, आणि आपण त्यांतला हलका भाग तेवढा उचलला असें मला वाटतें.

ता. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना अमलांत आली. तिच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट झाली. पंधराव्या कलमांत दुकानें, उपाहारगृहें, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांचा नांवानिशीं उल्लेख करून तेथें जातधर्मावरून कोणालाही मज्जाव करतां येणार नाहीं असें सांगितलें. हीं कलमें वाचतांना गंगारामांचें दुकान आठवतें, आणि एक बारीक गोष्ट ध्यानांत येते. गंगाराम दुसऱ्याच्या दुकानीं गेले तर त्यांना कोणी अडवूं नये याची व्यवस्था कायद्यानें केली आहे. परंतु दुसऱ्यानें गंगारामांच्या दुकानीं यावें याची व्यवस्था जगांतील कोणत्याच कायद्याला करतां येणार नाहीं. कायदा दार उघडतो. उंबरा ओलांडणारें पाऊल त्याच्यापाशीं नाहीं. ही उणीव घटनाकारांना ठाऊक नव्हती असें नाहीं. ता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटना समितींत केलेल्या भाषणांत डॉ. आंबेडकरांनीं बजावलें होतें कीं राजकारणांत आपण समान होऊं, पण समाजांत व पैशाअडक्यांत असमानच राहूं, आणि ही विसंगति फार दिवस ठेवली तर जे पिचले जात आहेत तेच हें सारें बांधकाम उलथून टाकतील. त्या इशाऱ्याला सात दशकांहून अधिक काळ लोटला. मताच्या पेटीपुढें आपण सर्व सारखे झालों. पाण्याच्या नळापुढें झालों काय?

ऑगस्ट २०१९ मध्यें पंचगंगा व कृष्णा यांना महापूर आला, २०२१ सालीं पुन्हां आला. त्या दिवसांत शाळांच्या व कार्यालयांच्या इमारतींत कोण कोणाशेजारीं निजला, कोणाच्या हातची खिचडी कोणी खाल्ली, याचा हिशेब कोणीं ठेविला नाहीं. पूर हाही एका परीनें राजाच. तो असेपर्यंत सर्व समान. ओसरला कीं ज्याचा त्याचा गाळ ज्याच्या त्याच्या दारीं.

तेव्हां राजावांचून आणि पुरावांचून एखादें गांव आपण होऊन उंबरा ओलांडतें काय, हें पाहावें लागतें. याचें उदाहरण आपल्याच जिल्ह्यांत आहे. शिरोळ तालुक्यांतील हेरवाड या गांवच्या ग्रामसभेनें मे २०२२ मध्यें, महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, असा ठराव केला कीं पति वारल्यावर स्त्रीचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें, जोडवीं काढणें या प्रथा गांवांत बंद कराव्या. कोरोनाच्या सांथींत ऐन तारुण्यांत विधवा झालेल्या मुलींचे हाल लोकांच्या डोळ्यांपुढें होते. त्याच महिन्यांत राज्य सरकारनें परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हें उदाहरण गिरविण्यास सांगितलें. म्हणजे एरवीं सरकार ठरवितें व गांव ऐकतें. येथें गांवानें ठरविलें व सरकारनें ऐकलें.

या ठरावाला शिक्षेचें बळ नाहीं, म्हणून तो कागदी आहे, असें म्हणणारे भेटतात. त्यांचें निम्में खरें आहे. घटनेंत १९७६ सालीं जीं मूलभूत कर्तव्यें घातलीं त्यांत सर्व लोकांत बंधुभाव वाढविणें व स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडून देणें हें एक कर्तव्य आहे, आणि त्यालाही शिक्षा नाहीं. ज्या घरीं मृत्यु आला त्या घरीं पांच वयस्क बायका सुनेच्या हातांतील बांगड्यांना हात घालूं लागतात, तेव्हां तेथें सरपंच नसतो, पोलिस नसतो. सहावी बाई असते, आणि ती त्यांचा हात धरते किंवा धरीत नाहीं. ठरावाचा उपयोग इतकाच कीं त्या सहाव्या बाईला आतां, "गांवानें ठरविलें आहे," असें म्हणतां येतें. तिला एकटीला धैर्य पुरलें नसतें, तें गांवानें थोडें उसनें दिलें. मला वाटतें चांगल्या नागरिक जीवनाचें हेंच काम आहे : भित्र्या माणसालाही बरें वागणें परवडावें अशी गांवाची हवा ठेवणें.

येथें आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत एक शल्य उठेल, आणि तें टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ऑगस्ट १९५० मध्यें राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींची यादी जाहीर झाली, तिच्यांत हिंदु धर्माखेरीज दुसरा धर्म मानणाऱ्याची गणना होणार नाहीं अशी अट घालण्यांत आली. १९५६ सालीं शिखांपुरती व १९९० सालीं बौद्धांपुरती ती अट सैल झाली. ख्रिस्ती झालेल्यांचा प्रश्न मात्र दशकेंच्या दशकें न्यायालयें व आयोग यांच्या दारीं फिरत राहिला. गांवानें ज्याला महारवाड्यांतच ठेविलें, त्याला कागदानें मात्र महारवाड्याबाहेर काढलें. ज्या देशानें आपणांस असें तोलून कमी दिलें, त्याच्यावर प्रीति तरी पुरती कां करावी, असें तरुण पोरें विचारतात. आणि हा प्रश्न उद्धटपणाचा आहे असें म्हणून त्यांना गप्प करणाऱ्या वडील माणसांचा मला राग येतो. प्रश्न अगदीं योग्य आहे.

माझें उत्तर असें. प्रीति ही मिळालेल्या उपकारांची परतफेड असती, तर या देशावर सर्वांत कमी प्रीति डॉ. आंबेडकरांची असावयास पाहिजे होती. साताऱ्याच्या शाळेंत गोणपाटावर निराळा बसविलेला तो मुलगा. त्यानेंच पुढें मसुदा समितीचा अध्यक्ष होऊन ज्यांनीं आपल्याला निराळें बसविलें त्यांच्याही हक्कांचीं कलमें लिहिलीं. गंगाराम कांबळे यांनीं ज्या शहरांत मार खाल्ला त्याच शहरांत, महाराजांच्या निधनानंतर, आपल्या बांधवांच्या साहाय्यानें त्यांचें स्मारक उभें केलें. हे लोक भोळे नव्हते, अन्याय विसरलेलेही नव्हते. हा देश माझा आहे, म्हणूनच यांतला अन्याय माझ्या घरांतला आहे, असें ते समजत होते. परक्याच्या दारीं माणूस याचना करतो. हक्क मागतो तो आपल्याच घरांत. तेव्हां जो तरुण अर्ज लिहितो, मोर्चांत चालतो, न्यायालयाची पायरी चढतो, त्याला देशद्रोही म्हणणारे उलटें बोलत आहेत. त्यानें एवढेंच करावें कीं हक्क मागतांना आपल्याहून खालचा कोण आहे तेंही पाहून ठेवावें.

कारण आपल्याहून खालचा असा कोणी तरी असतो. अन्याय सोसलेल्यांत आपली गणना करावयास आपण शिकलों आहों, आणि तें कारणावांचून नाहीं. परंतु माणसाला ज्या बाजूनें तो खालीं आहे ती बाजू दिसते, ज्या बाजूनें वर आहे ती दिसत नाहीं. पंचगंगेच्या व भोगावतीच्या कांठीं दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचीं धुरांडीं धूर सोडूं लागतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीड जिल्ह्यांतून व मराठवाड्यांतील इतर कोरड्या तालुक्यांतून त्या येतात. हंगामापूर्वींच मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत माणूस बांधलेला असतो. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात. किती माणसें आलीं असें कोणी विचारीत नाहीं, किती कोयते आले असें विचारतात. दोन जिवंत माणसें मिळून एक हत्यार होतें, आणि ही भाषा आपल्या तोंडीं इतकी बसली आहे कीं तिच्यांत कांहीं चमत्कारिक आहे असें आपल्याला वाटतही नाहीं. बाई पहाटे अंधारांत उठून भाकऱ्या थापते, मग फडांत जाते. नवरा तोडतो, ती मोळ्या बांधते व डोक्यावर घेऊन फळीवरून गाडींत चढविते. एखादा दिवस आजारीपणांत गेला तर खाडा धरून पैसे कापतात. गांवाबाहेर कोप्यांत राहणें. मुलें फडांत वाढे गोळा करीत हिंडतात, किंवा कोपीच्या दारीं धाकट्या भावंडाला सांभाळतात. २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला आहे; शाहू महाराजांनीं आपल्या राज्यापुरता तो ब्याण्णव वर्षें आधींच दिला होता. शाळा कोपीपासून फर्लांगभर अंतरावर असते, आणि तें फर्लांगभर अंतर पांच महिन्यांत ओलांडलें जात नाहीं.

एका गांवीं, ज्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं, मीं नळाची रांग पाहिली आहे. कोप्यांतील एक बाई हंडा घेऊन उभी होती. आधीं गांवचीं भांडीं भरूं दे, असें तिला सांगितलें, तीं भरलीं. मग नळ जाण्याची वेळ झाली, आणि ती रिकामा हंडा घेऊन परतली. रांगेंत सर्व जातींच्या बायका होत्या, आपल्याही होत्या. कोणीं तिची जात विचारली नाहीं, शिवाशीव कोणीं पाळली नाहीं. ती आपल्या गांवची नव्हे, एवढेंच कारण पुरलें. ज्या राजानें राधानगरीचें धरण हातीं घेतलें त्याच्या पाण्यावर आपला ऊस पोसला, आणि तो तोडणाऱ्या बाईला त्याच नदीचें हंडाभर पाणी देतांना आपण गांव आणि परगांव पाहूं लागलों. सोंवळें जातें तेव्हां तें कोठें जातें, असा प्रश्न मला तेथें उभा असतां पडला. तें निघून जात नाहीं. नांव बदलून पुढल्या माणसावर जाऊन बसतें. आपल्या मंडळ्यांतही सोयरीक जुळवितांना जुन्या वाड्यावस्त्यांचीं नांवें हळूच विचारलीं जातात, हें येथें एका ओळींत सांगून सोडतों, कारण तो विषय निराळ्या लेखाचा आहे आणि तो लिहिला तर पुष्कळजण रागावतील.

या सर्वांत आपल्या हातीं काय आहे? पुष्कळांना ग्रामसभा म्हणजे पुढाऱ्यांची बैठक वाटते. वस्तुतः गांवच्या मतदारयादींत ज्याचें नांव आहे तो प्रत्येक पुरुष व प्रत्येक स्त्री तिचा सभासद आहे. वर्षांतून निदान चार वेळां ती भरली पाहिजे, आणि तिच्याआधीं स्त्रियांची निराळी सभा घ्यावयाची असते. मतदारांपैकीं शेंकडा पंधरा किंवा शंभर, यांतील जी संख्या कमी तेवढीं माणसें हजर असावीं लागतात. पुष्कळ ठिकाणीं तेवढींही जमत नाहींत व सभा तहकूब होते. म्हणून लहानशा मंडळीचीं पांच-सात कुटुंबें ठरवून गेलीं तरी तेथें त्यांच्या शब्दाला वजन येतें. एक सभा बहुधा २ ऑक्टोबरच्या सुमारास होते, आणि तोडणीच्या टोळ्या त्यानंतर येतात. तेव्हां नळाची वेळ हंगामापुरती अर्धा तास वाढवावी, कोप्यांच्या बाजूला पाण्याची एक टाकी ठेवावी, आणि तोडणीवाल्यांच्या मुलांचीं नांवें पहिल्याच आठवड्यांत शाळेच्या पटावर घ्यावीं, एवढ्या तीन गोष्टींचा ठराव मांडण्यास महिनाभराचा अवकाश मिळतो. स्त्रियांच्या सभेंत तो आधीं मांडला तर बरें, कारण नळावर त्याच असतात. गांवांत जो कोणी शिक्षक किंवा उपदेशक असेल त्यानें मसुदा लिहून द्यावा. सभेच्या आधीं आठ दिवस तो ग्रामपंचायतीच्या कचेरींत लेखी द्यावा, खालीं पांच-सात सह्या व आंगठे असावेत, आणि दिल्याची पोंच घेऊन ठेवावी.